चार स्क्रू

माझ्या हातच्या वायरिंगला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. धुळ्याच्या आयटीआयमधून वायरमन होऊन बाहेर पडलो त्याला पस्तीस वर्षं झाली. धुळ्यापासून जळगावपर्यंतच्या रस्त्यावर किती मशीनं जोडली याची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण त्यातलं एक माझ्या नावाला गोचिडासारखं चिकटून बसलं होतं. जळगावच्या एमआयडीसीत झुंबरलालशेठचा कारखाना आहे, तिथलं जुनं मिलिंग मशीन.

अकरा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या मशीननं झुलालला शॉक दिला. झुलाल त्या मशीनवरचा कारागीर. त्यानं उजव्या हातानं कूलंट पंपाचं बटण दाबलं आणि डाव्या हातात धरलेल्या हँडलातून करंट अंगात शिरला. तो फेकला गेला, पलीकडच्या टेबलावर आपटला आणि डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. शेठनी मला बोलावलं. मी तीन दिवसांनी पोचलो. पॅनल उघडलं, मेगर लावला. वायरीतून करंट कुठं गळतो का ते दाखवणारं हे मीटर. काटा ठणठणीत होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "वायरिंगमध्ये काही नाही. ओल्या हातानं बटण दाबलं असेल."

झुलाल दवाखान्यातून हात गळ्यात बांधून आला होता. तो एवढंच म्हणाला, "मी हात पुसेल व्हतात, भाऊ."

त्याचं कुणी ऐकलं नाही. वायरमनचा शब्द आणि मेगरचा काटा एका बाजूला, आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला. निष्काळजी माणूस म्हणून शेठनी त्याला काढलं. त्यानंतर एमआयडीसीत त्याला कुणी दारात उभं केलं नाही. मशीनही बदनाम झालं. ते माणूस धरतं म्हणे. नवे कारागीर त्याच्याजवळून जाताना हात खिशात घालायचे. ताडपत्री टाकली ती अकरा वर्षं निघाली नाही. माझ्या तोंडावर कुणी बोलत नसे, पण पाठ वळली की म्हणायचे, प्रेमराज मिस्तरीनं जोडलेलं ते.

यंदा गणपती गेले आणि रोनकचा फोन आला. रोनक हा शेठचा नातू. शेठ वारल्यापासून कारखाना तोच बघतो. रावेर-यावलकडच्या लोकांसाठी तो केळीच्या खांबातून धागा काढायची यंत्रं बनवतो, आणि त्यांच्या शाफ्टला खाचा पाडायला त्याला मिलिंग मशीन हवं होतं.

"काका, लोखंड अजून फर्स्ट क्लास आहे," तो म्हणाला. "वायरिंग आणि कूलंट, एवढंच मेलंय. दसऱ्याला पूजा करू आणि दुसऱ्या दिवशी चालू करू. जमलं तर ठेवतो, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात घालतो. पण एक आहे. फॉल्ट काय होता ते कळल्याशिवाय कारागीर हात लावायला तयार नाहीत."

"फॉल्ट नव्हताच."

"मग तेच दाखवून द्या."

दाखवून देणार म्हणजे देणारच. आमची सुनंदा म्हणाली, "अहो, अकरा वर्षांनी कशाला उकरून काढता?" मी तिला म्हणालो की मशीन चालू करून सगळ्यांची तोंडं बंद केल्याशिवाय मी दिवाळीच्या फराळाला हात लावणार नाही. तिनं कपाळावर हात मारला आणि डबा भरायला घेतला.

रोज सकाळची एसटी पकडायचो. पारोळ्याच्या पुढं एक फाटा लागतो, तिथून आत दोन किलोमीटरवर झुलालचं गाव. तो फाटा आला की मी अकरा वर्षं दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत आलोय. चोराच्या मनात चांदणं, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. मी चोर नव्हतोच ना.

ताडपत्री काढल्यावर आधी कूलंटला हात घातला. हत्यार लोखंड कापतं तेव्हा तापतं, म्हणून त्याच्यावर तेल मिसळलेल्या पाण्याची धार सोडावी लागते. हे पाणी मशीनच्या पायातल्या टाकीत असतं. पंप ते वर चढवतो आणि टेबलावरून जाळीतून गळून ते पुन्हा टाकीत येतं. झाकण उचललं आणि नाकाला रुमाल लावावा लागला. टाकीत पाणी नव्हतं, काळा गाळ होता, घट्ट, डांबरासारखा. तो खरवडायला दोन दिवस गेले. पंप सोडवला तर त्याच्या पंख्याला दोरा गुंडाळलेला. ओढता ओढता हातभर निघाला, त्यात झेंडूची सुकलेली देठं. जाळीत नारळाच्या शेंड्या अडकलेल्या. आणि तळाशी, गाळाच्या खाली, तांदूळ.

मी तो तांदूळ तळहातावर घेऊन बसलो होतो तेव्हा चंदनबाई आल्या. शेठच्या पत्नी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण दुपारच्या चहाला कारखान्यात एक फेरी ठरलेली. सगळे त्यांना काकीजी म्हणतात.

"हे काय हो प्रेमराजभाऊ?"

"भात लावायचा होता का काकीजी मशीनमध्ये? पुलाव होईल एवढा निघालाय."

त्यांनी वाकून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "अरे राम! या तर माझ्या अक्षता." मग हसू आवरून म्हणाल्या, "आमच्याकडे कुठली मशीनची पूजा? पण शेठ म्हणायचे, ज्या गावात राहायचं तिथली रीत पाळायची. म्हणून दर दसऱ्याला करते. एक वर्ष चुकवलं नाही. हे बंद पडलं तरी ताडपत्री सारून केलीच. नारळ मात्र टेबलावर फोडत नव्हते हं, खोच पडते म्हणून शेठ रागवायचे. मी बाहेर पायरीवर फोडायचे आणि पाणी तांब्यात आणायचे. थोडं टेबलावर, बाकीचं सगळं या डब्यावर." त्यांनी मशीनच्या बाजूला बसवलेल्या पॅनलच्या डब्यावर हात ठेवला. "मशीनचा जीव याच्यातच ना?"

"हो काकीजी. जीव तिथंच."

मी हसलो, पण नजर डब्याच्या माथ्यावर गेली. मनाशी म्हटलं, डब्याचा माथा बंद असतो. पाणी वरून खाली वाहून जात असेल. डबा मीच बसवलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या डब्याच्या माथ्याला हात घातला. हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी यांचा बोटभर जाड थर. पटाशी घेऊन खरवडायला लागलो. सगळीकडे पटाशी पत्र्यावर टणटण वाजत होती. एका कोपऱ्यात वाजली नाही, रुतली. कुंकवाखाली कापड होतं. पकडीनं धरून ओढलं, तर आतून खाकी बाही निघाली. शर्टाची बाही. मनगटाचं बटण तसंच होतं आणि ते लाल दोऱ्यानं शिवलेलं होतं. खाकी शर्टाला लाल दोऱ्यानं बटण शिवणारी बाई सगळ्या धुळ्यात एकच, आणि ती रोज माझा डबा भरते.

मी तिथंच खाली फरशीवर बसलो.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मशीन नवं आलं होतं, म्हणजे जुनंच, पण शेठला नवं. दसऱ्याचा मुहूर्त होता आणि मी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत वायरी ओढत होतो. पंपाच्या वायरीसाठी डब्याच्या माथ्याला भोक पाडलं. मग लक्षात आलं की ही वायर खालूनच नेणं सोपं. नेली. वरचं भोक मोकळं राहिलं. त्यावर झाकण मारायला हवं होतं, पण ते जवळ नव्हतं आणि दुकानं बंद होत आली होती. पिशवीत पुसायला घेतलेली जुनी बाही होती, ती भोकात कोंबली. शेठना म्हणालो, दसऱ्यानंतर झाकण मारतो. त्या दसऱ्यानंतर पहूरला एका जिनिंगचं काम निघालं आणि झाकण राहिलं ते राहिलं.

डब्याच्या आत, त्या भोकाच्या बरोबर खाली, एक पत्रा होता. त्याच्यामागे पंपाच्या वायरींचे जोड आणि अर्थिंगचा बोल्ट. पत्र्याला चार स्क्रू. मेगर घेऊन आलो होतो त्या दिवशीही हे चार स्क्रू समोर होते. गंजले होते. स्क्रूड्रायव्हर एकदा घसरला आणि मी म्हणालो, जाऊ दे, काटा बरोबर दाखवतोय, आणि काम माझ्याच हातचं आहे. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर चारही तोडून काढले असते आणि वर त्याची आईबहीण केली असती.

आता तोडून काढले. आत मुंग्यांचं वारूळच होतं. गोड पाणी, त्यांना काय! तांब्याचे जोड हिरवे पडले होते. अर्थिंगच्या बोल्टला बोट लावलं तर त्याचा भुगा पडला.

तरीही मन ऐकेना. माणूस स्वतःची चूक सहजासहजी कबूल करत नाही, आणि मी तर मुळीच नाही. म्हटलं, ही घाण नंतरच्या अकरा वर्षांची असेल. दुकानातून नारळ आणला. मेन सप्लाय तोडलेला होताच. पंपाचा जोड आणि मशीनचं अंग यांच्यामध्ये मेगर लावला. काटा बऱ्यापैकी वर. मग नारळ फोडून चंदनबाईंसारखंच तांब्यातून पाणी त्या भोकावर ओतलं. काटा खाली आला आणि शून्यावर झोपला. मी वायरी न हलवता तसंच सोडून दिलं. तीन दिवस पंपाचं काम केलं, नवं बेअरिंग, नवं सील. बाहेर ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. चौथ्या दिवशी पुन्हा मेगर लावला. काटा ठणठणीत.

म्हणजे असं. दसऱ्याला पाणी पडलं, दुसऱ्या दिवशी मशीनच्या अंगात करंट उतरला, सात वर्षांच्या पाण्यानं अर्थिंग खाल्लेलं असल्यानं फ्यूज उडाला नाही, आणि झुलाल फेकला गेला. मी चौथ्या दिवशी पोचलो तोवर सगळं सुकलं होतं. झुलालनं हात पुसले असते काय किंवा नसते काय, मशीन त्याला सोडणार नव्हतंच. आणि मी त्याचा घास काढून घेतला. शरम काय असते ते मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

तेवढ्यात रोनक आला. "काय काका, सापडला फॉल्ट?"

बाही माझ्या खिशात होती. पॅनल नवं येणारच होतं, जुनं भंगारात जाणार होतं. वारूळ, भोक, भुगा, सगळं त्याच्याबरोबर गेलं असतं. जगात कुणाला कळलं नसतं.

"दसऱ्यानंतर सांगतो," मी म्हणालो.

तो गेला आणि माझ्याच तोंडचं वाक्य मला ऐकू आलं. दसऱ्यानंतर. अठरा वर्षांपूर्वीही मी हेच म्हणालो होतो. हत्यारं पेटीत टाकली आणि दुपारचीच गाडी धरली. फाटा आला तेव्हा कंडक्टरला म्हणालो, "थांबवा."

झुलाल गावातल्या पिठाच्या गिरणीवर कामाला होता. दारात त्याची बायको पुष्पाबाई सुपात धान्य पाखडत होती. तिनं मला ओळखलं आणि सूप तसंच हातात धरून उभी राहिली. आत झुलाल. केस पांढरे, भुवयांवर पीठ. एका बाईचं दळण त्यानं वर ओतलं. मग खांद्यावरचं फडकं काढलं, आधी उजवा हात पुसला, मग डावा, वाकड्या बोटांच्या बेचक्यासुद्धा, आणि मगच बटण दाबलं. त्यानं मला बघितलं नव्हतं. तो कुणाला दाखवायला पुसत नव्हता. त्याची ती सवयच होती, आणि मी त्याच्याबरोबर सात वर्षं त्या कारखान्यात येत-जात असूनही ती माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

दळण संपेपर्यंत मी दारातच उभा राहिलो. गिरणी थांबल्यावर तो वळला.

"प्रेमराज? आते कसाले उना?" आता कशाला आलास, हा त्याचा प्रश्न रास्तच होता.

मी खिशातली बाही काढून त्याच्यापुढं धरली आणि सगळं सांगितलं. भोक, कापड, चार स्क्रू. शेवटी म्हणालो, "मनी चूक व्हती, झुलालभाऊ. तुनी नही."

त्यानं बाहीवरचं बटण अंगठ्यानं चाचपलं. पुष्पाबाई बाहेरून म्हणाली, "अकरा वरीस व्हयनात." तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यानं जास्तच लागलं.

मला वाटत होतं, झुलाल शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटत होतं. तो म्हणाला, "माले एकलाले सांगीसन काय फायदा? तू तवय बठ्ठास्नासमोर बोलना व्हता. आते बठ्ठास्नासमोर सांगशी का?"

सगळ्यांसमोर सांगायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. "सांगसू," मी म्हणालो.

"मंग येसू मी."

उरलेले दिवस मी झपाटल्यासारखं काम केलं. जुन्या वायरीचा एक तुकडा आत ठेवला नाही. नवं पॅनल, प्रत्येक वायरीला नंबर, आणि करंट जरा जरी गळला तरी क्षणात सप्लाय तोडणारा स्विच. अर्थिंगसाठी कारखान्याच्या मागे नवा खड्डा खणला. मीठ-कोळसा माझ्या हातानं भरला आणि एकाऐवजी दोन पट्ट्या मशीनपर्यंत आणल्या. टाकी घासून आतून रंगवली, नवा पाइप टाकला, जाळी बारीक बसवली. डब्याच्या माथ्यावर एकही भोक ठेवलं नाही, उलट त्याला पुढं उतरतं पत्र्याचं छप्पर केलं. रीत काही माझ्यासाठी बदलणार नव्हती. तेव्हा पाणी पडणारच असं धरून काम करायचं, हे एवढंसं शहाणपण मला अठरा वर्षं उशिरा आलं. रोनक म्हणाला, "काका, एवढं तर नव्या मशीनलाही कुणी करत नाही." मी म्हणालो, "तू तुझं काम बघ."

दसऱ्याला काकीजींनी पूजा केली. तांब्या तसाच पालथा केला. पाणी छपरावरून घरंगळून खाली फरशीवर आलं. मी मेगर लावून बघितला, काटा जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला मशीन चालू करायचं ठरलं होतं. सगळे कारागीर जमले, पण चार हात लांब. साडेदहा झाले. झुलाल नव्हता. रोनक घड्याळ बघायला लागला. "काका, दाबा ना बटण. कुणाची वाट बघताय?" मी म्हणालो, ज्यानं दाबायचं तो आल्याशिवाय हे मशीन चालू होणार नाही, मग दिवाळी उजाडली तरी चालेल. पावणेअकराला फाटकातून झुलाल आणि पुष्पाबाई आत आले. एसटी एरंडोलला अडकली होती. त्यानं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि खांद्यावर तेच फडकं होतं.

मी मशीनला पाठ टेकवून उभा राहिलो आणि खिशातून बाही काढली. "अकरा वर्षांपूर्वी याच जागेवर मी सांगितलं होतं की वायरिंगमध्ये काही नाही, झुलालचे हात ओले असतील. ते खोटं होतं. डब्याला भोक मी ठेवलं. ते या बाहीनं मी बुजवलं. त्यातून पाणी आत गेलं. तपासायला आलो तेव्हा चार स्क्रू काढायचा मला कंटाळा आला, आणि कंटाळ्यापेक्षा जास्त माज होता. झुलालनं हात पुसले होते. तो खरं बोलत होता."

चंदनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पण पाणी तर मीच ओतत होते ना?" त्यांचा चेहरा उतरला होता.

"काकीजी, पाणी दर वर्षी पडणार हे मला माहीत होतं. मी पहिल्याच पूजेला इथं हजर होतो, पेढाही खाल्ला होता. भोक माझं."

त्या झुलालपुढं गेल्या आणि त्यांनी हात जोडले. "शेठ नाहीत. त्यांच्या वतीनं मी." झुलालनं घाईघाईनं त्यांचे हात खाली केले.

रोनक म्हणाला, "झुलालकाका, हे मशीन तुम्हीच चालवा. आजपासून."

झुलाल मशीनजवळ आला, टेबलाच्या हँडलवर डावा हात ठेवून बघितला आणि पुन्हा काढला. खांद्यावरचं फडकं घेतलं. उजवा हात पुसला, डावा पुसला, वाकड्या बोटांच्या बेचक्या पुसल्या. मग दोन्ही तळहात उताणे करून माझ्यापुढं धरले.

"देख, वायरमनभाऊ. कोरडा शेतस का?"

मी त्याचे हात हातात घेतले. सगळ्यांसमोर एकेक बोट चाचपून पाहिलं, वाकडी दोन शेवटी. माझेच हात घामानं भिजले होते, म्हणून त्यानं फडकं आधी माझ्याकडे दिलं, मी पुसले, आणि पुन्हा पाहिलं.

"कोरडे आहेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

मग त्यानं डाव्या हातात हँडल धरलं आणि पंपाचं बटण दाबलं. नळीतून आधी हवा फुरफुरली, आणि मग दुधासारखी पांढरी धार टेबलावर पडायला लागली. त्याचा डावा हात हँडलवर तसाच होता.